पहिल्या रांगेतली घोंगडी

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कलाकार झाले. त्याआधी ते नुसते नाचायचे.

केंदूरच्या शिवारात आमची धनगरांची वस्ती आहे. आजोबांच्या काळात दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळे कोकणात उतरायचे. पुढं मेंढरं गेली, कांदा आणि ज्वारी आली, आणि वस्तीतली निम्मी पोरं सणसवाडीच्या कंपन्यांत पंचिंग करायला लागली. राहिला तो गजा. बिरोबाच्या जत्रेत मधे ढोल उभे राहतात आणि भोवती पुरुष गोल धरून नाचतात, त्याला आम्ही गजा म्हणतो. अंगात पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा, दोन्ही हातांत रंगीत रुमाल. हा नाच कोणी शिकवत नाही. पोरगं बापाच्या मागं उभं राहतं आणि पाय पडायला लागतात. बायकांनी कडेला बसून बघायचं आणि घरी गेल्यावर कोणाचा पाय कुठं चुकला ते सांगायचं. त्यामुळं नाचता येत नसलं तरी गजातलं मला सगळं कळतं, असं मी मानते. आबा मानत नाहीत.

एका जत्रेत कोणीतरी आबांचा गजा मोबाइलवर काढला आणि तो फिरत फिरत पुण्यातल्या एका माणसाकडे पोचला. शहराच्या कडेला पर्यटकांसाठी एक ‘गाव’ उभं केलं होतं, तिथला तो मॅनेजर. या गावात सिमेंटच्या झोपड्या होत्या आणि त्यांना सारवल्यासारखा दिसणारा रंग दिला होता. बैलगाडीची चक्कर, पिठलं-भाकरी, आणि शनिवार-रविवारी साडेचार वाजता लोककला. मॅनेजर फोनवर म्हणाला, “काका, तुम्ही कलाकार आहात.” आबांनी तो शब्द जपून ठेवला. पुढं महिनाभर आई म्हणाली की विहिरीवरची मोटार चालू करून या, की ते म्हणायचे, “कलाकाराला सांगतीस व्हय?” आई स्वतः जाऊन मोटार चालू करायची आणि येताना कलाकाराला ऐकू जाईल असं काहीतरी बोलायची.

पहिल्या कार्यक्रमाला मी हौसेनं गेले होते. तिथला निवेदक माइकवर गरजला, “अब आ रहे हैं पहाड़ों के आदिम योद्धा.” आमची दहा माणसं रांगेत उभी होती. दहाच्या दहा जणांनी मागं वळून पाहिलं, कोण येतंय ते. त्या दहांत माझा धाकटा भाऊ होता, त्याला दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला गाड्यांचे सायलेन्सर जोडायचे होते. मला राग पटकन येतो. मी तरातरा मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, हे योद्धे नाहीत, आम्ही कांदा लावतो. तो म्हणाला, “मग मॅडम, तुम्हीच सांगा ना लोकांना.” अशी मी निवेदिका झाले.

मी कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे आणि राहायला दौंडला. शनिवार-रविवार मोकळा मिळावा म्हणून मी वर्षभर लोकांच्या नको त्या शिफ्ट अंगावर घेतल्या. दौंडहून सकाळची गाडी धरून पुण्याला यायचं, आमची मंडळी वाघोलीवरून जीपनं यायची. नवरा म्हणायचा, दिलेली पोरगी तुझ्या बापानं हळूच परत नेली. आबा नाचता नाचता ओवी म्हणायचे आणि माइकवर मी हिंदीत सांगायचे की ही ओवी आहे, यात देवाच्या जन्माची कथा आहे. आबांची ओवी पूर्ण म्हटली तर दोन रात्री पुरते. ती मी दोन वाक्यांत बसवायचे आणि आबांना सांगायचे की सगळं सांगितलं.

पाहुण्यांना फोटो काढता यावा म्हणून त्या गावात एक मेंढी बांधलेली असायची. आबांनी पहिल्याच दिवशी तिचा खूर उचलून बघितला आणि मॅनेजरला म्हणाले, “हिच्या पायात किडं पडत्यात, चिखलात बांधू नका.” पाहुणे सेल्फीसाठी जवळ आले की आबा त्यांना विचारायचे, कुठनं आलात, तिकडं पाऊस कसा हाय. बंगळूरची एक मुलगी म्हणाली, माहीत नाही. आबांना दोन दिवस तिची काळजी वाटत होती, की पाऊस माहीत नसलेल्या घरात ही पोर खाते काय.

पण मॅनेजरची खरी अडचण गोलाची होती. गोल धरला की निम्म्या माणसांची पाठ पाहुण्यांकडे.

“काका, ऑडियन्सकडे तोंड करून रांगेत नाचा.”

“तोंड देवाकडं आसतंय,” आबा म्हणाले.

“पण इथं देव कुठं आहे?”

“मग आम्ही कुणापुढं नाचायचं?”

दोन आठवडे दोघंही हटले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आबांनीच तोड काढली. आमच्याकडे नाच सुरू करायच्या आधी देवापुढं घोंगडी अंथरतात आणि तिच्यावर भंडारा, म्हणजे हळद, टाकतात. ती देवाची जागा. नाच संपवायचा असला की गजाच्या म्होरक्यानं ती घोंगडी झटकून, घडी करून खांद्यावर घ्यायची, मगच ढोल थांबायचा. घोंगडी उचलल्याशिवाय ढोल थांबवलेला मी कधी पाहिलेला नाही. तर आबांनी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची घेतली, तिच्यावर घोंगडी टाकली, भंडारा टाकला आणि म्हणाले, “आता देव तितं बसला. आता करतो तोंड तिकडं.” माझ्या बापानं देवाला सीट धरून दिली. मॅनेजर इतका खूश झाला की त्यानं त्या खुर्चीवर ‘राखीव’ अशी चिठ्ठीही चिकटवली.

घोंगडीची आमच्यात आणखी एक रीत आहे, ती पाहुण्यांची. दारात कोणी आलं की घोंगडी टाकायची, आणि एकदा माणूस घोंगडीवर बसला की त्याला ‘उठा’ म्हणायचं नाही. तो आपल्या मनानं उठेल तेव्हा उठेल. माझ्या लहानपणी लांबचे एक पाहुणे असे बसले ते तीन दिवस उठले नाहीत. आईनं तोंडातून शब्द काढला नाही, भांडी मात्र मोठ्यानं ठेवली. एक रीत देवाची, एक पाहुण्याची. या दोघींची कधी गाठ पडेल असं आमच्या वस्तीत कोणालाही वाटलं नव्हतं.

आता ढोलाचं सांगते, कारण सगळं त्यावर होतं. ढोल वाजवायचे तात्या, आबांचे धाकटे भाऊ. तीन वर्षांपूर्वी कांदालावणीत आबा ओल्या बांधावरून घसरले आणि उजवा गुडघा गेला. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढू नका, उकिडवं बसू नका. गजाचं त्यांना कोणी विचारलंच नाही. पुढच्या जत्रेत आबा नेहमीप्रमाणे म्होरक्या म्हणून पुढं उभे राहिले आणि तात्यांचा हात हळू झाला. कोणी काही ठरवलं नव्हतं. तात्यांची नजर फक्त आबांच्या पायांवर असायची. पाय नीट टेकला की थाप पडायची. गुडघा अडला की थाप थांबायची, वळण संपलं की मग पडायची. बाकीचे नऊ जण त्या थापेवर नाचायचे. वस्तीतल्या सगळ्या बायकांना हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या आबांना.

उलट तेच तक्रार करायचे. कार्यक्रम झाला की चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणायचे, “तात्याचा हात जड झालाय. म्हातारा झाला त्यो. गजाला जोर ऱ्हायला न्हाई.” तात्या त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. ते चहा प्यायचे आणि म्हणायचे, “व्हय, वय झालं दादा.” माझा भाऊ आणि मी एकमेकांकडे न बघण्याची काळजी घ्यायचो.

एका शनिवारी मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. मुलगा वाईट नव्हता, त्याला फक्त प्रत्येक वाक्यात एनर्जी पाहिजे असायची. म्हणाला, “मॅडम, तुमचा आयटम स्लो पडतोय. उद्या टूर कंपनीचे लोक बघायला येणार आहेत, सीझनभराचं तेच ठरवतील. ते पुढचे काका आहेत ना, त्यांना रांगेतून काढा. मागं बसून गाऊ देत. नाहीतर आमच्याकडे डान्स क्लासची मुलं आहेत. ती कोळी करतात, वाघ्या-मुरळी करतात. त्यांना आम्ही धनगर करू शकतो.”

“करून बघा,” मी म्हटलं.

पण बोलायला काय जातं. त्यानं मला आबांना सांगायचं काम दिलं होतं आणि ते मला करवत नव्हतं. म्होरक्याची जागा आबांना त्यांच्या वडिलांनी दिली होती. वस्तीत त्यांना दुसरं कोणतंही पद नाही. सोसायटीत नाही, ग्रामपंचायतीत नाही, तिथं पाटलांची मंडळी आहेत. आईच्या लेखी तर ते मोटारीलाही उपयोगाचे नाहीत. ती एक जागा त्यांची, आणि ती काढून घ्यायला मी जायचं.

मी भावाकडे गेले. तो म्हणाला, “तू सांग, तू शिकलेली.” मी तात्यांकडे गेले आणि म्हटलं, निदान उद्याच्या दिवस ढोल जरा जोरात घ्या. तात्या म्हणाले, “घेतो की. तुझा बा पडला तर उचलायला तू म्होरं ये.” मग मी स्वतः आबांपाशी जाऊन बसले, तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. आबांनी विचारलं, “काय गं, दाढ दुखतीया का?” मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून लवंग काढून दिली. ती चघळत मी दौंडच्या गाडीत बसले.

रविवारी दोन बस भरून पाहुणे आले होते. टूर कंपनीचे दोन पुरुष आणि एक बाई पहिल्या रांगेत कडेला बसले होते. खुर्च्या भरल्या आणि मी माइक हातात घेतला, तेव्हा एक म्हातारी बाई काठी टेकत मधल्या वाटेनं आली. कलकत्त्याकडची होती, पांढरी साडी, तिच्या ग्रुपच्या मागं राहून गेली होती. मला कोणी म्हातारं माणूस उभं दिसलं की राहवत नाही, ती घरची सवय. मी माइकवरूनच म्हटलं, “बैठिए ना माँजी, जहाँ जगह है वहाँ बैठिए.” जागा एकच होती. ‘राखीव’ची चिठ्ठी घोंगडीखाली झाकली गेली होती. आजींनी काठी खुर्चीला टेकवली आणि त्या देवाच्या जागी ऐसपैस बसल्या.

आबा भंडाऱ्याची वाटी घेऊन खुर्चीपाशी आले आणि थबकले. त्यांनी आजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी माइक बंद करून पुढं झाले.

“आबा, मी उठवते त्यांना.”

“गप. घोंगडीवर बसल्यात त्या.”

“पण ती देवाची हाय ना.”

“देवाची अडचण न्हाई, तुझी कशापायी?”

त्यांनी चिमूटभर भंडारा आजींच्या कपाळाला लावला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मागोमाग नऊ जण ओळीनं येऊन वाकले. आजी भारावून गेल्या. त्यांनी आबांच्या फेट्यावर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढोल सुरू झाला.

सगळं छान चाललं होतं, बारा मिनिटं होईपर्यंत. आमचा वेळ बारा मिनिटांचा. आबा सवयीनं घोंगडी उचलायला रांगेतून पुढं आले आणि दोन पावलांवर थांबले. तेव्हा आमच्या लक्षात आलं. घोंगडी उचलल्याशिवाय ढोल थांबत नाही, घोंगडीवर आजी बसल्या आहेत, आणि घोंगडीवर बसलेल्याला उठवता येत नाही. आबांनी क्षणभर विचार केला, रुमाल हलवले आणि नवीन कडवं सुरू केलं.

आजींचंही तसंच झालं होतं, ते मला नंतर कळलं. दहा माणसं आपल्या पाया पडली, आपल्याकडे तोंड करून नाचतायत, मग आपण मधेच उठायचं कसं. त्यांना खरं तर बाथरूमला जायचं होतं. पण त्या हात जोडून, हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिल्या. त्या उठेपर्यंत आमचे लोक थांबेनात आणि आमचे लोक थांबेपर्यंत त्या उठेनात. मॅनेजर कडेनं मला हातानं फुली करून दाखवायला लागला. मग तो वाकून माझ्यापाशी आला.

“मॅडम, बंद करा ना.”

“घोंगडी उचलल्याशिवाय ढोल थांबत नाही.”

“मग उचला.”

“तिच्यावर आजी बसल्यात.”

“मग आजींना उठवा.”

“घोंगडीवर बसलेल्याला उठवत नाहीत.”

मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याला जास्त वाईट वाटलं असावं. मग तो स्वतःच आजींकडे निघाला. मी त्याचा शर्ट धरला. का धरला ते मला आजही नीट सांगता येत नाही. एरवी या रीतींवरून आबांची मीच सगळ्यांत जास्त थट्टा करते.

वीस मिनिटं झाली. डान्स क्लासची मुलं कोळ्यांचे कपडे घालून विंगेत ताटकळत होती. एका लहान मुलीनं खुर्चीतच झोप काढली. टूर कंपनीची बाई मात्र पुढं सरकून बसली होती. तात्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि नजर आबांच्या पायांवर. आबांचा गुडघा आता प्रत्येक वळणाला अडत होता. थाप लांबत चालली होती. मी माइक घट्ट धरून उभी होते आणि मनात देवाला म्हणत होते, आजींना उठव रे बाबा, नाहीतर तूच ये आणि तुझी घोंगडी उचल. मला आबांचा राग येत होता. त्यांच्या हट्टाचा, त्यांच्या गुडघ्याचा, आणि सांगायची हिंमत झाली नाही म्हणून माझाही.

मग एका वळणाला त्यांचा पाय उचललाच नाही. पडले नाहीत. रुमाल खाली गेले आणि ते लंगडत रांगेतून बाहेर आले, खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. माझ्या भावानं एक पाऊल पुढं टाकून त्यांची जागा घेतली, गजात जागा रिकामी ठेवत नाहीत. आणि आजी ताडकन उठल्या. इतका वेळ ज्यांना उठवायला कोणी धजत नव्हतं, त्या लंगडणारा माणूस पाहून आपण होऊन उठल्या. आबांचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “आप बैठिए भाईसाहब, आप बैठिए.” आबा नको नको म्हणत असताना त्यांना दाबून खाली बसवलं. मग काठी घेऊन त्या लगबगीनं बाथरूमच्या दिशेनं गेल्या.

आता घोंगडीवर आबा होते. त्यांना तरी कोण उठवणार.

आणि ढोल सुटला. तात्यांनी मुद्दाम काही केलं नाही, त्यांनी मला शपथेवर सांगितलंय. तीन वर्षं ज्या पायांकडे बघून ते थाप द्यायचे ते पाय समोर नव्हते, म्हणून हात मोकळा झाला. बघता बघता गजा दुप्पट वेगानं फिरायला लागला. अंगरख्यांचे घेर फुलले, फेट्यांचे शेव उडाले. रुमाल डोळ्यांना धरता येईनात. लोक उभे राहिले, शिट्ट्या वाजल्या. मॅनेजर माझ्या कानात म्हणाला, “हीच, हीच एनर्जी मॅडम.” मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी आबांकडे बघत होते.

आयुष्यात पहिल्यांदा ते आपला गजा समोरून बघत होते. आधी त्यांचा चेहरा खुलला. आपली पोरं इतकं देखणं नाचतात याचं त्यांना नवल वाटलं असणार. त्यांनी मांडीवर ताल धरला. मग तो हात थांबला. ते तात्यांच्या हाताकडे बघायला लागले, मग रांगेतल्या पायांकडे, मग पुन्हा तात्यांकडे. त्यांना कळलं ते मला तिथूनच दिसलं. मला रडू आलं आणि माझ्या हातात माइक असल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं. पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

आबा आणखी थोडा वेळ बसले. मग खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून उठले. मला वाटलं, घोंगडी उचलतील. त्यांनी रांगेत पुढं असलेल्या माझ्या भावाला हातानं जवळ बोलावलं आणि खुर्चीकडे बोट केलं.

“उचल,” ते म्हणाले.

भाऊ तसाच उभा राहिला. म्होरक्याशिवाय कोणी ती उचलत नाही हे त्याला ठाऊक होतं.

“उचल की. तात्याला किती वाजवाय लावशील?”

भावानं घोंगडी उचलली, झटकली, सगळ्यांच्या अंगावर हळद उडाली. घडी करून त्यानं ती खांद्यावर घेतली आणि ढोल थांबला.

टूर कंपनीच्या लोकांना हे इतकं आवडलं की सीझन जागच्या जागी ठरला. मॅनेजर पळत आला, म्हणाला, “काका, हा खुर्चीचा पार्ट ठेवू. दर शोला एक सीनियर सिटिझन घोंगडीवर बसवू, मग ते तुम्हाला जागा देतील.” आबा म्हणाले, “ठरवून बसवला तर त्यो पाव्हणा कसला? मी खाली बसून ओवी म्हणीन. म्होरं आता पोरगा हाय.” इतकं सहज म्हणाले की मॅनेजरला वाटलं, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. त्यानं मला शाबासकीचा अंगठा वर करून दाखवला. मी सांगितलं असं त्याला वाटलं होतं.

सोमवारी माझी सुट्टी होती म्हणून मी त्या दिवशी माहेरी जायला जीपमध्येच बसले. ड्रायव्हरशेजारची जागा नेहमी आबांची. त्यांनी ती भावाला दिली आणि मागच्या बाकावर तात्यांच्या शेजारी येऊन बसले. एरवी जीपमध्ये चेष्टामस्करीला ऊत येतो, कोणाचा फेटा सुटला, कोणी पाहुण्यांच्या ताटातला गुलाबजाम खाल्ला. त्या दिवशी दहा जण दहा खिडक्या असल्यासारखे बाहेर बघत होते. वाघोलीच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा अजून उजेड होता.

“तात्या,” आबा म्हणाले.

“आं.”

“कवापासनं?”

कोणी विचारलं नाही की काय कवापासनं. तात्या म्हणाले, “बांधावरनं पडलास तवापासनं.”

“समद्यांस्नी ठावं व्हतं?”

“व्हय.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“आन् मी तुला म्हातारा म्हणत व्हतो,” आबा तात्यांना म्हणाले. “चार माणसांत.”

“म्हणत व्हतास.”

गाडी थोडी पुढं सरकली, पुन्हा थांबली. आबा बराच वेळ तात्यांच्या हातांकडे बघत होते. जोरात वाजवताना हात मोकळा असतो. थाप अडवून धरायची, दुसऱ्याचा पाय टेकायची वाट बघायची, यानं खांदा भरून येतो. हे आम्हां बायकांना कधी सुचलं नव्हतं. आबांना सुचलं.

“हात दुखत आसंल तुझा,” ते म्हणाले.

“न्हाई.”

गाडी लोणीकंदच्या पुढं गेल्यावर तात्या हळूच म्हणाले, “डावा जरा.”

आबांनी त्यांचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि खांद्यापासून दाबायला सुरुवात केली. तात्या साठी उलटलेले, डोक्याला अजून फेटा, लाजून इकडंतिकडं बघायला लागले, पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही. शिक्रापूर आलं, केंदूरचा रस्ता लागला, आबा दाबत होते.